त्यांना विचारलं होतं का?

समाजमाध्यमांवरच्या खासगीपणाचा विषय निघाला की मला २०१८ मधले दोन आकडे आठवतात. केंब्रिज अॅनालिटिका या ब्रिटिश कंपनीने फेसबुकवरची लोकांची माहिती परस्पर मिळवून राजकीय प्रचारासाठी वापरल्याचं प्रकरण तेव्हा जगभर गाजत होतं. ही माहिती ज्या व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या अॅपमधून बाहेर पडली, ते भारतात फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं, असं फेसबुकने सांगितलं. ज्यांची माहिती गेलेली असू शकेल अशा भारतीयांची संख्या मात्र निघाली ५ लाख ६२ हजार ४५५. म्हणजे साडेपाच लाखांहून अधिक लोकांनी त्या अॅपला हातही लावलेला नव्हता. जगात कुठेतरी त्यांच्या मित्रयादीतल्या कुणीतरी ती चाचणी दिली होती, आणि त्यांची माहिती उघडी पडायला तेवढं पुरलं.

या प्रकरणातून कंपन्यांवर विसंबू नये हे आपण शिकलो, आणि ते खरंच आहे. पण त्यातली दुसरी गोष्ट आपल्या रोजच्या जगण्याच्या जास्त जवळची आहे. माझं खासगीपण राखणं माझ्या एकट्याच्या हातात नाही. ते माझ्या भावाच्या, मैत्रिणीच्या, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या, मुलाच्या वर्गशिक्षिकेच्या फोनमध्ये आहे, आणि त्यांचं माझ्या. पासवर्ड बदला, सेटिंग तपासा, अनोळखी लिंक उघडू नका, हे सल्ले पाळायलाच हवेत. तरीही माणूस स्वतःबद्दल टाकतो त्याहून कितीतरी जास्त दुसऱ्यांबद्दल टाकतो, आणि त्या दुसऱ्यांना आधी विचारण्याची रीत आपल्याकडे अजून पडलेली नाही. या सगळ्या प्रश्नाकडे मी त्याच बाजूने पाहणार आहे, कारण कायद्यापासून घरातल्या ग्रुपपर्यंत सगळीकडे हीच उणीव मला दिसते.

खासगीपणाच्या आधुनिक कायद्याची सुरुवातच मुळी दुसऱ्याच्या हातातल्या कॅमेऱ्यामुळे झाली. कोडॅकचा सहज हाताळता येणारा कॅमेरा १८८८ मध्ये बाजारात आला. दोन वर्षांनी सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या बोस्टनच्या वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त एक लेख लिहिला. झटपट निघणारी छायाचित्रं आणि लोकांच्या घरातल्या गोष्टी छापणारी वर्तमानपत्रं यांच्यापासून माणसाला संरक्षण हवं, त्याला त्याच्या त्याच्या जगात राहू दिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा कॅमेरा एकाकडे असे आणि छापखाना दुसऱ्याकडे. मधे संपादक नावाचा माणूस असे. आज कॅमेरा आणि छापखाना दोन्ही एकाच फोनमध्ये आहेत, आणि मधलं कुणी उरलेलं नाही.

भारताच्या राज्यघटनेत हा हक्क शब्दाने लिहिलेला नाही. १९५४ मध्ये आठ आणि १९६२ मध्ये सहा न्यायमूर्तींच्या पीठांनी त्याला मूलभूत हक्काचं स्थान दिलं नव्हतं. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये ‘आधार’विरुद्ध याचिका केली, तिच्यातून हा मुद्दा पुन्हा उभा राहिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपण हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं. अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही असं म्हणणारा आणीबाणीतल्या जबलपूर खटल्याचा निकाल त्यात चुकीचा ठरवला गेला, आणि त्या जुन्या निकालाच्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. न्या. संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात इंटरनेट काहीच विसरत नाही याची नोंद घेतली. लहानपणीच्या अजाणतेपणाचे परिणाम मुलांना जन्मभर भोगायला लागू नयेत, असंही त्यांनी मांडलं.

हा निकाल मुख्यतः सरकार आणि नागरिक यांच्यातला होता. कंपन्यांसाठीचा कायदा यायला आणखी सहा वर्षं लागली. ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा’ ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून पुढे दीड वर्षाची मुदत ठेवली गेली. माहितीच्या सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती, मुलांवर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई, या त्यातल्या चांगल्या तरतुदी. याच कायद्याने माहिती अधिकारातली वैयक्तिक माहितीबद्दलची तरतूद बदलली आणि लोकहितासाठी अशी माहिती देण्याची त्या तरतुदीतली सोय काढून टाकली. ते मला घातक वाटतं, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आपल्या विषयासाठी कलम ३ महत्त्वाचं. एखाद्या व्यक्तीने ‘वैयक्तिक किंवा घरगुती’ कारणासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. जी माहिती ज्याची त्याने स्वतःच सार्वजनिक केली, तिलाही लागू होत नाही. आपली मतं मांडताना समाजमाध्यमावर स्वतःची माहिती जाहीर करणाऱ्या व्यक्तीचं उदाहरणच कायद्यात दिलं आहे. म्हणजे मी जाहीरपणे टाकलेली माहिती कुणी गोळा करून वापरली तर मला या कायद्याचा आधार नाही. आणि माझ्या आत्याने माझ्याबद्दल काही टाकलं तर ते घरगुती ठरणार. घरगुती कारण नेमकं कुठे संपतं? चाळीस नातेवाइकांचा ग्रुप घरगुती आहे हे मान्य. पण पन्नास हजार लोक पाहतात असं ‘फॅमिली व्लॉग’ घरगुती कसं? कायदा यावर काही सांगत नाही.

युरोपात हा प्रश्न न्यायालयासमोर आला. स्वीडनमधल्या बोडिल लिंडक्विस्ट या चर्चमध्ये काम करणाऱ्या बाईंनी आपल्या सहकाऱ्यांची माहिती इंटरनेटवर टाकली होती. कोण काय काम करतं, कुणाचे छंद काय, काहींचे फोन नंबर, आणि एकीचा पाय दुखावल्यामुळे ती अर्धवेळ रजेवर आहे, असा मजकूर. हेतू वाईट नव्हता, सूर हलकाफुलका होता. सहकाऱ्यांना ते रुचलं नाही हे कळताच त्यांनी तो काढूनही टाकला. तरीही २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं, की अमर्याद लोकांना दिसेल अशा जागी टाकलेली माहिती घरगुती म्हणता येणार नाही, आणि दुखावलेला पाय ही आरोग्याची माहिती आहे. पुढे २०२० च्या मे महिन्यात नेदरलँड्समधल्या गेल्डरलँडच्या न्यायालयात तर आजी विरुद्ध मुलगी असा दावा गेला. आजीने नातवंडांचे फोटो फेसबुक आणि पिंटरेस्टवर टाकले होते. मुलांच्या आईने ते काढायला सांगितले, आजीने ऐकलं नाही. हे फोटो तिऱ्हाइतांच्या हाती पडणारच नाहीत असं म्हणता येत नाही, म्हणून हा मामला निव्वळ घरगुती राहत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. फोटो काढून टाका, नाहीतर दिवसाला ५० युरो, जास्तीत जास्त १,००० युरो भरा, असा आदेश निघाला.

आपल्याकडे आजीला कोर्टात खेचावं असं मला मुळीच वाटत नाही. नातवंडाचा फोटो दाखवण्यातली तिची माया मला कळते. पण त्या निकालातलं तत्त्व आपण घ्यायला हवं: घराबाहेरच्यांना दिसू लागलं की ते घरगुती राहिलं नाही, आणि फोटोतल्या माणसाने ‘काढून टाक’ म्हटलं की काढून टाकायचा.

मुलांच्या बाबतीत तर हे तातडीने पाळलं पाहिजे. सोनोग्राफीचा फोटो, बारसं, बोरन्हाण, शाळेचा पहिला दिवस, दहावीची गुणपत्रिका. मूल स्वतःचं खातं उघडेपर्यंत त्याचं अर्धं चरित्र आईवडिलांच्या खात्यावर लिहून झालेलं असतं. इन्स्टाग्रामवर किमान वयाची अट १३ वर्षांची आहे, पण खातं पालक चालवतात असं लिहिलं की बाळाच्या नावाचंही खातं चालतं. गोड फोटोंबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मला त्रास होतो तो रडणाऱ्या, घाबरलेल्या, अंघोळ करणाऱ्या, चुकीचं उत्तर देऊन ओरडा खाणाऱ्या मुलांचे व्हिडिओ गंमत म्हणून फिरतात तेव्हा. लहान मुलाला लाज असते, मान असतो. चौदाव्या वर्षी हाच व्हिडिओ वर्गातल्या मुलांच्या हाती लागला की त्याचं काय होतं, हे त्या मुलालाच माहीत असतं.

आपला २०२३ चा कायदा पालकांना मुलाच्या खासगीपणाचे राखणदार मानतो. राखणदारच फोटो टाकत असेल तर काय, याचं उत्तर त्यात नाही. फ्रान्सने ते शोधायचा प्रयत्न केला. २०२० च्या कायद्याने व्हिडिओंमधून कमाई करणाऱ्या मुलांच्या पैशांचा काही भाग ती सज्ञान होईपर्यंत राखून ठेवायला लावला आणि आपले व्हिडिओ काढून घेण्याचा हक्क मुलांना स्वतःला दिला. फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने तर मुलाच्या छायाचित्राचा हक्क जपणं हे पालकत्वाचंच कर्तव्य ठरवलं. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांना बंदी घातली, तिची आपल्याकडे बरीच चर्चा झाली. पण ती बंदी मुलांच्या खात्यांना आहे. आईबाबांच्या खात्यावरच्या मुलांना तिचा काही उपयोग नाही.

आणि दुसऱ्यांची मुलं? वाढदिवसाला बालगृहात जाऊन केक कापायचा, फराळ किंवा दप्तरं वाटायची आणि मुलांना ओळीने उभं करून काढलेले फोटो टाकायचे, ही पद्धत आता गावोगाव आहे. देणाऱ्यांच्या मनात चांगलंच असतं. पण बाल न्याय कायद्याचं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होऊ नये यासाठीच आहे, त्यात फोटोही आले. त्यापलीकडे एक साधी गोष्ट. दान घेतानाचा आपला चेहरा जगाला दिसावा, असं कुठल्या मुलाला वाटेल?

घरातली माहिती किती लांब जाते हे पाहायचं तर लग्नाचा बायोडाटा हातात घ्यावा. वर श्रीगणेश. मग नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, गोत्र किंवा देवक, रक्तगट, उंची. पुढे शिक्षण, कंपनीचं नाव, वार्षिक उत्पन्न. वडिलांची नोकरी, शेती किती एकर, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, बहीण कुठे दिलेली, आजोळ कुठलं, मामांची नावं आणि गाव. शेवटी घरचा पत्ता, दोन मोबाइल नंबर, आणि सोबत पूर्ण उंचीचा एक फोटो. हे सगळं एका पानाच्या पीडीएफमध्ये. पूर्वी हा कागद वधूवर सूचक मंडळाच्या फायलीत असे आणि कुणाला दाखवायचा ते मंडळ चालवणाऱ्या बाई ठरवत. आता तो जातीच्या, पोटजातीच्या, जिल्ह्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर जातो, आणि एका ग्रुपमध्ये १,०२४ जण असू शकतात. आईचं माहेरचं आडनाव हा बँकांचा वर्षानुवर्षांचा सुरक्षा-प्रश्न. इथे ते मामांच्या नावासकट लिहिलेलं असतं. ‘मी अमुक बँकेतून बोलतोय’ म्हणून फोन करणाऱ्या भामट्याला समोरच्याची जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि नोकरी आधीच माहीत असेल तर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

पैशांपेक्षाही मला वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने. ज्या मुलीचा हा बायोडाटा असतो, तिला तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेला हे बहुतेक वेळा ठाऊकच नसतं. वडिलांनी काकांना दिला, काकांनी ग्रुपवर टाकला, तिथून कुणीतरी पुढे पाठवला. लग्न होऊन मूल झालं तरी तो फिरतच राहतो. ‘निर्दोष घटस्फोटित’ असं लिहिलेला कागद दुसरा संसार सुरू झाल्यावरही अनोळखी फोनांमध्ये पडून असतो, आणि अधूनमधून एखाद्या स्थळाचा फोन येतो.

आपल्याकडे खासगीपण होतंच कधी, असं यावर काही जण म्हणतात. वाड्यात, चाळीत सगळ्यांना सगळं कळायचंच की! कळायचं हे खरं. पण कळणारे पंचवीस-तीस बिऱ्हाडांतले असत, ते त्या माणसाला रोज पाहत, त्याच्या आजारपणात डबा देत. आज कळलेलं चार वर्षांत विरून जाई. फोनमधलं विरत नाही, आणि पाहणाऱ्याला त्या माणसाची बाकी काहीच ओळख नसते. शिवाय त्या जुन्या उघडेपणाचा भार सगळ्यांवर सारखा नव्हताच. विधवेवर, मूल न झालेल्या बाईवर, जातीने खालच्या मानलेल्या माणसावर गावाची नजर जास्त असे. आजही समाजमाध्यमावर ती तिथेच जास्त वळते.

आजारपणात हे फार क्रूरपणे दिसतं. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले, दुबईहून परतलेलं एक दांपत्य. त्यांची ओळख समाजमाध्यमांवरून पसरली आणि आजाराच्या जोडीला त्या कुटुंबाला लोकांच्या रोषालाही तोंड द्यावं लागलं. पुढे रुग्णांच्या याद्या पत्त्यांसकट ग्रुपांवर फिरल्या, घरांच्या दारांवर फलक लागले. सक्षम अधिकाऱ्याचा खास आदेश असल्याखेरीज असे फलक लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. दारावरचे फलक निघाले. अतिदक्षता विभागात नळ्या लावून पडलेल्या वडिलांचा फोटो ‘प्रार्थना करा’ म्हणून टाकण्याची सवय मात्र राहिली. शुद्धीवर असते तर त्यांनी तो टाकू दिला असता का? मृत्यूचंही तेच. परदेशातल्या मुलीला घरून फोन जाण्याआधीच कुणीतरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून मोकळं झालेलं असतं, आणि आपला बाप गेला हे तिला फेसबुकवर कळतं. एखादा दिवस थांबलं तर कुणाचं काही जात नाही.

बाईच्या फोटोचा विषय आला की चर्चा हटकून एका वाक्यावर येते: टाकलाच कशाला? हे वाक्य मला अन्यायाचं वाटतं. १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ नावाच्या अॅपवर मुस्लिम महिलांचे, त्यांत अनेक पत्रकार आणि कार्यकर्त्या होत्या, फोटो लावून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. फोटो त्यांच्याच जाहीर खात्यांवरून उचललेले होते. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने त्यात काही जणांना अटक केली. त्या महिलांची चूक काय? नोकरी करणाऱ्या, मतं मांडणाऱ्या माणसाला चेहरा असतो, आणि तो झाकून बसायला सांगणं म्हणजे तिला सार्वजनिक जीवनातून हाकलणंच झालं. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे एखाद्या साध्या फोटोवरून हवं ते बनवता येतं. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा बनावट व्हिडिओ एका गेमिंग अॅपच्या जाहिरातीत फिरला. २०२५ मध्ये आशा भोसले यांना त्यांच्या आवाजाच्या आणि नावाच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. त्यांना वकील मिळतात. कराडच्या किंवा लातूरच्या कॉलेजातल्या मुलीला काय मिळतं?

काही गोष्टी नक्की मिळतात, आणि त्या तिच्या आईवडिलांना माहीत असायला हव्यात. नग्न किंवा तसा बनवलेला फोटो काढून टाकण्यासाठी माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांवर तक्रारीनंतर काही तासांची मुदत घातली आहे; २०२१ मध्ये ती २४ तासांची होती. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्याची तक्रार नाव न देताही करता येते. ‘स्टॉप एनसीआयआय’ या आंतरराष्ट्रीय सेवेत फोटो कुणाकडे पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो फोटो अडवतात. सगळ्यात मोलाची तरतूद मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. २०१३ साली ती जुन्या दंडसंहितेत आली होती. एखाद्या स्त्रीने आपला खासगी क्षणातला फोटो काढायला संमती दिली, पण तो इतरांना दाखवायला दिली नाही, तर तो पसरवणं गुन्हा आहे. काढण्याची संमती वेगळी आणि पसरवण्याची वेगळी, हे आपल्या कायद्याने इतक्या स्पष्टपणे मान्य केलेलं आहे. तिथे प्रश्न गंभीर गुन्ह्याचा आहे म्हणून शिक्षा आहे. पण हा भेद साध्या फोटोलाही लागू पडतो. सहलीत हसत पोज देणाऱ्या मैत्रिणीने तुम्हाला फोटो काढू दिला आहे. तो तुमच्या सहाशे ‘फ्रेंड्स’ना दाखवायला तिने अजून हो म्हटलेलं नाही.

एवढं सगळं म्हणताना, स्वतःबद्दल बोलूच नये असं मी सुचवत नाही. उलट मराठीला या बाबतीत थोर वारसा आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं, त्यामागोमाग लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमचं’, उर्मिला पवारांचं ‘आयदान’. ज्या जगण्याची लाज बाळगायला समाजाने शिकवलं होतं, ते या माणसांनी चारचौघांत मांडलं आणि लाज कुणाला वाटायला हवी ते दाखवून दिलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये अनेक स्त्रियांनी समाजमाध्यमांवर आपल्यावरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल लिहिलं, तेही याच जातीचं बोलणं होतं. नैराश्याबद्दल, गर्भपाताबद्दल, आपल्या लैंगिक ओळखीबद्दल एखादी व्यक्ती लिहिते तेव्हा कुठल्यातरी तालुक्याच्या गावी एकट्या पडलेल्या दुसऱ्या कुणाला जगायला बळ मिळतं. खासगीपणाच्या नावाखाली अशांची तोंडं बंद करायला निघालेल्यांच्या बाजूला मी कधीच जाणार नाही. अत्याचार करणाऱ्याला ‘माझं नाव घेण्याआधी विचारलं का’ असं म्हणण्याचा अधिकार नाही.

स्वतःची गोष्ट सांगताना दुसरे येतातच, हा पेच मात्र खरा आहे. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं तेव्हा पती पु. लं.बद्दल त्यांनी इतकं मोकळेपणाने लिहावं का, यावर महाराष्ट्रात खूप वाद झाला. माझ्या मते त्यांनी लिहिलं ते योग्यच केलं. सहजीवन दोघांचं होतं, आपली बाजू सांगायचा त्यांना हक्क होता. पण त्या लेखनामागे वर्षानुवर्षांचा विचार आणि स्वतःलाही न सोडणारी नजर होती. रागाच्या भरात टाकलेल्या आणि नवऱ्याच्या किंवा सुनेच्या चॅटचे स्क्रीनशॉट जोडलेल्या पोस्टमागे ती नसते. दोन्हींना एकच माप लावता येणार नाही.

कंपन्यांचं म्हणाल तर त्यांचा धंदाच आपण एकमेकांबद्दल सांगत राहण्यावर उभा आहे. फेसबुकने डिसेंबर २००९ मध्ये कित्येक गोष्टी मुळातच सार्वजनिक ठेवणारे बदल केले. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१९ मध्ये या कंपनीला ५०० कोटी डॉलरचा दंड केला. २०२१ मध्ये ५३ कोटी वापरकर्त्यांचे फोन नंबर आणि तपशील उघड्यावर आले, त्यांत साठेक लाख भारतीय होते. व्हॉट्सअॅपच्या २०२१ च्या ‘मान्य करा नाहीतर चालते व्हा’ धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी माहिती वापरण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली. हे दंड त्यांना झेपतात. आणि एक बारीक गोष्ट: नवं अॅप घेताना ‘कॉन्टॅक्ट्स’ना परवानगी दिली की फोनमधल्या प्रत्येक माणसाचा नंबर आपण त्याला न विचारता कंपनीच्या हवाली करतो. ती परवानगी नाकारूनही बहुतेक अॅप चालतात.

ग्रुपांचंही तसंच. आपल्याला न विचारता कुणी ग्रुपमध्ये घालू नये यासाठी व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१९ मध्ये सेटिंग दिलं, ते अनेकांनी अजून उघडलेलंही नाही. सभासदाच्या मजकुरासाठी ग्रुप अॅडमिनला आपोआप गुन्हेगार ठरवता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं, कारण अॅडमिन फक्त माणसं घेऊ किंवा काढू शकतो. त्यानंतर इतरांचा संदेश सगळ्यांसाठी पुसण्याची सोयही अॅडमिनला मिळाली. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर थकबाकीदारांची यादी पडते, शाळेच्या ग्रुपवर नापास मुलांची नावं पडतात, तेव्हा ‘मी काय करू’ म्हणायला अॅडमिनला आता जागा नाही.

कायद्यात दोन दुरुस्त्या व्हाव्यात असं मला ठामपणे वाटतं. ‘घरगुती’ सवलत सर्वांना दिसणाऱ्या खात्यांना मिळू नये. आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आपल्या बालपणीचे फोटो आणि व्हिडिओ कुणाच्याही खात्यावरून, आईवडिलांच्याही, काढून घेण्याचा हक्क प्रत्येकाला असावा. त्याला वेळ लागेल. आपल्याला मात्र थांबायचं कारण नाही. घरात कुणाचं लग्न ठरलं किंवा होऊन गेलं असेल, तर तिचा किंवा त्याचा बायोडाटा ज्या ज्या ग्रुपवर टाकला होता त्या अॅडमिनना आजच फोन करा आणि तो काढायला सांगा. आणि पाच वर्षांच्या नातीचा फोटो स्टेटसला ठेवायच्या आधी तिला दाखवून विचारा. ती नको म्हणाली तर ठेवू नका.